आप्पांच्या स्वेटरचा हिरवा

"...बाकी काही नको सर, एवढंच सांगा. हिरव्यात काय मिसळलं की हा हिरवा होईल?"

मुल्ला सरांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"कुठला हिरवा?"

चारूनं फोन पुढं केला. सरांनी तो हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला, मग पुन्हा लांब.

"हा तर निळा आहे."

"फोनमध्ये निळा दिसतो, सर. खरा हिरवा आहे."

"मग खरा दाखव."

फोनवर अख्खं जग बघतं आणि ह्यांना खरा बघायचाय! पण सर ते सर. चारूनं पिशवीतून फाईल काढली, फाईलमधून चित्र काढलं आणि सरांच्या मांडीवर ठेवलं.

आता ही चारू कोण ते सांगायला हवं. चारुलता दाभोळे, वय सेहेचाळीस, सांगलीत एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी. चार वर्षांपूर्वी हिला व्यंगचित्रं काढायचा नाद लागला. नाद म्हणजे कसा, तर भाजी करपली तरी चालेल पण चित्रातल्या भाजीला रंग नीट बसला पाहिजे. वडिलांवर चित्रं काढायची, रंगीत पेन्सिलींनी रंगवायची आणि फोटो काढून फोनवरून सगळ्यांना पाठवायची. पानाचं नाव 'आप्पा म्हणाले'. आप्पा म्हणजे मोठं डोकं, बारीक अंग, कोपरावर फाटलेला स्वेटर आणि तोंडात रोज एक वाक्य. लोकांना आप्पा भलतेच आवडले.

आणि मुल्ला सर म्हणजे तासगावच्या शाळेतले तिचे ड्रॉईंगचे सर. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली होती. दहावीनंतर ती त्यांना दोनदाच भेटली होती. एकदा लग्नाची पत्रिका द्यायला आणि एकदा चुकून.

सरांनी चित्र उजेडाकडे धरलं. स्वेटरवर बोट ठेवलं.

"हं," ते म्हणाले.

"अकरा हजार लोक बघतात, सर."

"अरे वा. आमच्या वर्गात साठ असायचे. त्यातले चाळीस खिडकीबाहेर बघायचे."

चारू हसली. पण सरांनी अकरा हजारांना असं खिडकीबाहेर घालवलेलं तिला काही आवडलं नाही.

"माझी सून दाखवते मला," सर म्हणाले. "रोज सकाळी. तुझ्या नावाखाली काय काय लिहिलंय तेही वाचून दाखवलं तिनं. 'स्वयंशिक्षित चित्रकार'."

चारूचे कान तापले.

"ते... तसं लिहायची पद्धत आहे, सर."

"चांगली पद्धत आहे. माझ्यावर काही आळ नको."

सरांनी बेदाण्यांची वाटी तिच्याकडे सरकवली. स्वयंशिक्षित बाईंनी मुकाट्यानं चार बेदाणे तोंडात टाकले.

"आता तो रंग दे बघू."

चारूनं पर्स उघडली. पर्समध्ये पाकीट, पाकिटात रुमाल, रुमालात होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली. बाटलीत कापूस आणि कापसावर पेन्सिलीचा एक तुकडा. करंगळीच्या नखाएवढा.

सरांनी बाटली हलवून बघितली.

"दिवसातून किती वेळा घ्यायचा?"

"सर!"

"बरं, बरं."

"नणंदेनं परदेशातून पेटी आणली होती. पेटीवर कुठल्या भाषेत लिहिलंय ते नणंदेलासुद्धा माहीत नाही. पुन्हा कुठं मिळाला नाही तो रंग. सगळी दुकानं पालथी घातली. मोरपंखी झाला, शेवाळी झाला, बाटलीचा हिरवा झाला. हा होत नाही."

"लोक नावं ठेवतात का?"

"कशाला?"

"रंग बदलला म्हणून. दुसरा हिरवा लावलास तर?"

"त्यांना काय कळणार? त्यांना निळाच दिसतो."

आपण आत्ता काय बोलून गेलो ते चारूला एक बेदाणा चावून झाल्यावर कळलं.

"...मला कळतं ना," ती हळूच म्हणाली.

सर उठले. भिंतीजवळ चहाचं एक मोठं लाकडी खोकं होतं, ते पायानं सरकवत त्यांनी पुढ्यात आणलं. आत पेन्सिलींचे तुकडे. शेकडो. लाल, पिवळे, जांभळे, काही चावलेले, काही दोन्हीकडून टोकदार. एकतीस वर्षं वर्ग सुटल्यावर बाकांखालून उचललेले. पोरं टाकून द्यायची, सर उचलायचे. अजूनही ते जुन्या पेनांच्या रिकाम्या नळ्यांत हे तुकडे खोचून रंगवत.

सर खोक्यात हात घालून चाळवत बसले. चारूला वाटलं, आता हिरवा सापडणार. सरांनी काळा काढला, बघितला, परत टाकला.

"वर्गात मी काय विचारायचो, आठवतं?"

आठवत होतं. न आठवायला काय झालं? वर्गात कुणी नुसतं 'सर, हिरवा द्या' म्हटलं की सर द्यायचेच नाहीत. कशाचा हिरवा? कैरीचा की पोपटाचा? तुझ्या दप्तराचा की डबक्याचा? सांगितल्याशिवाय रंग नाही. एकदा चारूनं रडवेली होऊन 'कशाचाच नाही, नुसता हिरवा' म्हटलं होतं. तेव्हा सरांनी तिला तासभर शाळेच्या मागच्या बांधावर नुसतं बसवलं होतं.

"कशाचा हिरवा, चारू?"

"आप्पांच्या स्वेटरचा."

"मग सोपं आहे की. पुढच्या रविवारी स्वेटर घेऊन ये. शेजारी ठेवू आणि जुळवू. दोन तास लागतील, पण होईल."

चारूनं वाटीतला एक बेदाणा उचलला आणि परत ठेवला.

"अंगातला काढून देत नाहीत का? म्हातारी माणसं तशीच असतात. धुवायला म्हणून माग."

"स्वेटर नाही राहिला, सर."

"कुणाला दिलास?"

चारूनं नकारार्थी मान हलवली.

"हरवला?"

"दादानं वर ठेवला. शेवटी... त्यांच्या अंगावर." चारू वाटीकडे बघत होती. "जानेवारी होता. दादा म्हणाला, थंडी आहे, असू दे."

सरांचा हात खोक्यात तसाच राहिला.

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. बराच वेळ त्याचा आवाज येत होता. मग तोही गेला.

"इन्ना लिल्लाह..." सर पुटपुटले. मग म्हणाले, "परवाच तर बघितलं मी त्यांना. आंब्याच्या पेटीवर बसले होते."

"ते मी काढलेलं, सर."

"सगळेच तू काढलेले की गं."

"हो."

"मी त्यांच्या गुडघ्यासाठी दुवा मागत होतो. तू चित्रात दाखवलेलं ना, गुडघा धरून जिना चढतात. रोज मागायचो. हा ऑक्टोबर चाललाय."

चारूला हसू आलं आणि त्याचा तिला भयंकर राग आला.

"वाया गेली, सर."

"दुवा वाया जात नाही. दुसऱ्या कुणाचा तरी गुडघा बरा झाला असेल."

सरांनी खोक्यातला हात बाहेर काढला, धोतराला पुसला.

"तरीच," ते म्हणाले.

"काय तरीच?"

"पूर्वी आप्पा केळीवाल्याशी भांडायचे. पेपरातलं कोडं चुकलं की पेपरवाल्यांना शिव्या द्यायचे. अलीकडं उपदेश करायला लागले होते. जीवन म्हणजे अमुक, माणसानं तमुक... मी सुनेला म्हटलं, म्हातारा आजारी दिसतोय."

ह्याच्याइतकं कुणी चारूच्या चित्रांना टाकून बोललं नव्हतं. आणि ह्याच्याइतकं खरंही. जानेवारीनंतरचे आप्पा काय बोलतील ते तिला सुचायचंच नाही. मग ती कुठंतरी वाचलेलं चांगलं वाक्य त्यांच्या तोंडी घालायची. ऐंशी वर्षं ज्या माणसानं एक चांगलं वाक्य धड बोलून दाखवलं नाही, त्याच्या तोंडी!

"सांगितलं का नाहीस लोकांना?"

"सांगणार होते. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. पण एक चित्र आधीच काढून तयार होतं. म्हटलं, हे पाठवते आणि उद्या सांगते. त्यावर चारशे जणांनी लिहिलं. आप्पा शंभरी गाठा, आप्पा तब्येतीला जपा. मग दुसरं काढलं. मग... सांगितलं की मग ते गेले, सर."

सरांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते चारूला कळलं नाही.

"आणि आज सांगलीहून उठून आलीस ती रंग विचारायला."

"हो."

"पिशवीत आणखी काय आहे?"

शाळेतही सर असंच दप्तर ओळखायचे. कुणाच्या दप्तरात कैऱ्या आहेत ते त्यांना दप्तर न उघडता कळायचं.

चारूनं पिशवीतून एक पार्सल काढलं. खाकी कागद, दोरा, वर निळ्या शाईत पत्ता. एका बाजूनं फोडलेलं.

"परवा आलं. बार्शीच्या एक काकू आहेत, देशमाने म्हणून. रोज बघतात. मला वाटलं पुस्तक असेल म्हणून मी पत्ता दिला..."

सरांनी पार्सल उघडलं. आत स्वेटर होता. हातानं विणलेला, जाड लोकरीचा, निळा. लख्ख निळा.

त्यावर चिठ्ठी टाचलेली. सरांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन मोठ्यानं वाचली.

"चि. चारू हिस अनेक आशीर्वाद. आप्पांच्या स्वेटरचं फाटलेलं कोपर रोज बघवत नाही. थंडी यायच्या आत हा पोचावा. रंग तोच घेतला आहे, म्हणजे ते तक्रार करणार नाहीत. माप चित्रावरून घेतलं. त्यांचं डोकं मोठं आहे म्हणून गळा सैल ठेवला आहे. अंगानं बारीक आहेत म्हणून घेर कमी केला. चुकलं असल्यास उसवून पाठवणे, पुन्हा विणून देईन. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, त्याआधी कळव."

सरांनी चिठ्ठीची घडी घातली. पुन्हा उघडली. 'डोकं मोठं आहे म्हणून' तिथवर पुन्हा मनात वाचलं.

मग सर उभे राहिले आणि स्वेटर डोक्यातून घालायला लागले.

"सर, काय करताय? ऑक्टोबर आहे!"

डोकं सहज गेलं. डोकंच काय, खांदेसुद्धा गळ्यातून जवळजवळ बाहेर आले. पण अंग काही आत जाईना. बेंबीच्या वर चार बोटं स्वेटर संपला. बाह्या कोपराशी थांबल्या. एक खांदा उघडा, दाढी लोकरीत अडकलेली, खाली धोतर... तासगावचे मुल्ला सर ओटीवर हात पसरून उभे राहिले.

"कसा दिसतोय?"

चारू हसायला लागली. हसता हसता तिनं पोट धरलं. पोट धरल्यावर तिला थांबता येईना, आणि त्याचं रडू कधी झालं तेही कळलं नाही. सेहेचाळीस वर्षांची बाई शाळेतल्या मुलीसारखी नाक ओढत रडत होती. जानेवारीत ती रडली नव्हती. जानेवारीत तिला पुढचं चित्र पूर्ण करायचं होतं.

सर तसेच उभे राहिले, हात पसरून. घाम त्यांच्या कपाळावरून नाकावर आला तरी त्यांनी स्वेटर काढला नाही.

ती थांबली तेव्हा त्यांनी तो डोक्यातून काढला आणि समोरच्या खुर्चीवर ठेवला. गळा पाठीवर, बाह्या दोन्ही हातांवर. बसवल्यासारखा.

"काढ," ते म्हणाले.

"आज नको, सर."

"काढ."

"काय काढू?"

"मी शिकवलं नाही ना तुला. तूच ठरव."

त्यांनी जुन्या परीक्षेचा एक कागद तिच्यासमोर ठेवला, कोरी बाजू वर करून. खाली पाट दिला. स्वतः पाठ करून बसले आणि बेदाणे निवडायला लागले. निवडलेलेच बेदाणे.

चारूनं खुर्ची काढली. पाय, पाठ, हात. आणि मग चार वर्षांच्या सवयीनं हात आपोआप वर गेला, आप्पांच्या मोठ्या डोक्याचा गोल काढायला. निम्मा गोल काढून झाला आणि हात थांबला.

...

तिनं तो गोल खोडला नाही. त्यालाच खाली दोन रेघा जोडल्या. आप्पांच्या डोक्याचा निम्मा गोल देशमाने काकूंच्या स्वेटरचा गळा झाला. सैल, मोठा, रिकामा.

"निळा हवाय, सर."

"कशाचा?"

"काकूंच्या स्वेटरचा."

सरांनी खोक्यात हात घातला आणि न चाळवता एक तुकडा काढला. कुठल्या तरी पोरानं गणिताच्या तासाला चावलेला. लख्ख निळा. चारूनं रंगवला. जोर न देता, एकावर एक हलके थर, जसं सरांनी सातवीत शिकवलं होतं. सर मागं वळून बघत होते, पण बघत नसल्यासारखे.

"आता?" चारू म्हणाली.

सरांनी गोळ्यांच्या बाटलीचं बूच काढलं. तो नखाएवढा हिरवा तळहातावर घेतला, एका पेनाच्या रिकाम्या नळीत खोचला आणि ब्लेड उचललं.

"नको, सर. टोक नका करू. आहे तो पण जाईल."

"मग कापसात ठेवू?"

सरांनी टोक केलं. लाकडाचा एक छोटा हिरव्या काठाचा पापुद्रा ओटीवर पडला. सरांनी नळी तिच्यापुढं धरली.

चारूनं नळी घेतली आणि चित्राकडे बघितलं. एवढ्या हिरव्यात एक स्वेटर होत नव्हता. एक बाहीसुद्धा नाही. मग तिनं निळ्या स्वेटरच्या उजव्या कोपरावर, जिथं काहीच फाटलेलं नव्हतं तिथं, एक ठिगळ काढायला घेतलं. छोटंसं, चौकोनी. तिरक्या रेघा, मग त्यावर आडव्या. तिसऱ्या थराला नळीत कर्रकन आवाज झाला आणि शिसं संपलं. उरलेला भुगा तिनं बोटानं कागदावर दाबला.

आप्पांच्या स्वेटरचा हिरवा संपला.

सरांनी चित्र हातात घेतलं. ह्या वेळी लांब धरलं नाही, जवळही धरलं नाही.

"आप्पा काय म्हणाले? खाली लिहायचं राहिलंय."

चारूनं काळा घेतला. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं आप्पांच्या तोंडी काही घातलं नाही. खुर्चीखाली लिहिलं: 'देशमाने काकू, स्वेटर पोचला. गळ्याचं माप बरोबर आहे. आप्पा जानेवारीत गेले. मी सांगितलं नव्हतं. चारू.'

सरांनी वाचलं. वाटीतला शेवटचा बेदाणा तिच्या हातावर ठेवला.

तिनं चित्र ओटीच्या कडेला उन्हात ठेवलं आणि फोन काढला. वरून धरला, सावली पडते म्हणून बाजूनं धरला, पुन्हा वरून धरला. फोटो काढला. बोटांनी मोठा करून बघितला. मग कागदाकडे बघितलं. मग पुन्हा फोनकडे.

"सर..."

"काय?"

"ठिगळ दिसतच नाही. सगळं निळंच आलंय. कुणाला कळणारसुद्धा नाही तिथं काही हिरवं आहे."

मुल्ला सर खोकं पायानं भिंतीकडे सरकवत होते. त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही.

"मग पाठव."